आठ मार्चची वर्गणी गेली कुठे? (सोसायटी ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)

चौगुले काका ए-१०१: सुप्रभात. आठ मार्चला, महिला दिनाला, घरटी ५०० रुपये जमा केले, "जगभरातल्या गरजू महिलांसाठी" म्हणून. आज २४ तारीख. पावती नाही, फोटो नाही. पैसे गेले कुठे? पहिल्यांदा हिशोब द्या, मग जग.

किल्लेकर बी-१०२: जगभर फिरून यायचं म्हणजे वेळ लागणार की काका 😄

चौगुले काका ए-१०१: मी चेष्टा करत नाही. गणपतीच्या मांडवाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सेक्रेटरी: मांडवाचा विषय मीटिंगमध्ये संपलाय. परत काढू नये ही विनंती 🙏

देसाई काकू बी-२०३: काका, पैसे माझ्या कपाटात आहेत. १९ घरांचे ९,५००. पाच घरांचे अजून यायचे आहेत, त्यात ए-१०१ पण आहे.

चौगुले काका ए-१०१: हिशोब आल्यावर देणार हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

हलगेकर वहिनी ए-३०३: काकू, अजून पाठवले नाहीत?? मी लिंक दिली होती की. तीन वेळा पाठवली. तिकडे बायका उपाशी आहेत आणि पैसे कपाटात!

देसाई काकू बी-२०३: पाठवायला बसले होते. त्या लिंकवर कार्डाचा नंबर मागितला, मग मागचे तीन आकडे, मग ओटीपी. वर लाल अक्षरात "आज रात्री १२ पर्यंतच". संस्थेचा पत्ता कुठे दिसेना. माझा हात थांबला. चूक झाली असेल तर सांगा.

शानभाग सीए ए-२०१: काकू, हात थांबला ते उत्तम झालं. खरी संस्था रात्री बाराची घाई लावत नाही. त्या लिंकला कोणी हात लावू नका. परदेशातल्या संस्थेला थेट दिलं तर ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही. इथल्या नोंदणीकृत संस्थेला दिलं तर मिळते, पण २,००० च्या वर रोख दिलेलं धरत नाहीत, आणि नवीन करपद्धत घेतली असेल तर सवलतच नाही. संस्थेकडून १०बीई नावाचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. नुसती पावती चालत नाही.

चौगुले काका ए-१०१: हेच तर म्हणतोय. पहिल्यांदा हिशोब, मग जग.

हलगेकर वहिनी ए-३०३: म्हणजे मी फसवणारी झाले का? माझ्या भाचीने पाठवलेली लिंक होती. चांगल्या मनाने टाकली.

देसाई काकू बी-२०३: तुमच्या मनावर कोणी शंका घेत नाही हो वहिनी.

किल्लेकर बी-१०२: माझं म्हणणं वेगळं आहे. जग कशाला? आपल्या सीमाभागातल्या मराठी बायकांना द्या. तिकडे महाराष्ट्रात, चंदगडला माझ्या मेव्हणीला लाडकी बहीण म्हणून १,५०० मिळतात. इकडे माझ्या बहिणीला कोण विचारतंय?

हिरेमठ सर ए-४०२: किल्लेकर, तुमच्या बहिणीला आपल्या कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० येत नाहीत काय? २०२३ पासून येतात. बसला शून्य रकमेचं तिकीट पण. मराठी, कन्नड बघून देत नाहीत ते.

किल्लेकर बी-१०२: सर, येतात. पण कधी दोन महिने येत नाहीत, कधी एकदम.

हिरेमठ सर ए-४०२: ती तक्रार माझ्या बायकोची पण आहे. हौदरी, खरं आहे तुमचं. पण "मराठी बायकांना द्या" हे वाचून वाईट वाटलं. तीस वर्षं एका जिन्यानं चढतो-उतरतो आपण.

सेक्रेटरी: भाषेचा विषय इथं नको. सगळ्यांना विनंती.

किल्लेकर बी-१०२: सर, तसं म्हणायचं नव्हतं. आपलं माणूस आधी, एवढंच.

हलगेकर वहिनी ए-३०३: आपलं माणूस म्हणताय तर खालीच बघा. आपल्या ▇▇▇▇▇ ची बायको

_(हा मेसेज डिलीट केला आहे)_

मुतगेकर बाई बी-३०१: वहिनी, डिलीट केलंत, बरं झालं. पाण्याच्या मोटरचे मेसेज जावेत म्हणून या ग्रुपवर कोण कोण घेतलेत ते एकदा बघा. एका बाईचं नाव इथं पडलं तर रात्री मार कोणाला बसेल? कुणीही त्यावर काही लिहू नये. देसाई काकू, फोन उचला, मी करते.

डॉ. हिरेमठ ए-४०२: बाईंचं बरोबर आहे. कोणा एकीबद्दल नाही, सगळ्यांसाठी लिहिते. १८१ ही महिलांची हेल्पलाईन, दिवसरात्र चालते. जीवाला धोका असेल तर ११२. "सखी" केंद्रात उपचार, पोलीस, वकील एकाच ठिकाणी मिळतात आणि काही दिवस राहायची सोय होते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मागे हटू नये, १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला कमाई न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा म्हणजे लगेच नवऱ्याला तुरुंग नव्हे. संरक्षणाचा आदेश आणि त्याच घरात राहायचा हक्क मागता येतो. हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं, म्हणून त्या बोलत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं जगात साधारण दर तीन बायकांत एकीनं आयुष्यात कधीतरी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेला असतो. त्यामुळे "जग की आपलं" हा वादच मला समजत नाही.

किल्लेकर बी-१०२: 🙏 डॉक्टर, नंबर सेव्ह केले.

चौगुले काका ए-१०१: माहिती चांगली आहे. पण माझा प्रश्न तिथेच आहे. पहिल्यांदा हिशोब द्या, मग जग.

देसाई काकू बी-२०३: काका, हिशोब वर दिलाय. ९,५००. कपाटात. अजून काय देऊ?

सेक्रेटरी: मोटर ११ ला बंद होईल. बादल्या भरून घ्या. बी विंगच्या खाली निळी ॲक्टिव्हा कोणाची आहे? व्हॉल्व्हच्या झाकणावर लावलीय.

हलगेकर वहिनी ए-३०३: ॲक्टिव्हा माझी. काढते. पण सांगून ठेवते, मला खरंच वाटतं जगासाठी काहीतरी करावं. माझी मुलगी पुण्याला होती तेव्हा तिच्या होस्टेलला एक अफगाण मुलगी होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून तिथं सहावीच्या पुढं मुलींना शाळा नाही. तिच्या धाकट्या बहिणीनं सातवीची पुस्तकं आधीच घेऊन ठेवलेली. कव्हर घातलेली, नाव टाकलेली. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर ती पुस्तकं मोठीला दाखवायची, आणि ही इकडून एक धडा शिकवायची. पुढच्या वर्षी डिसेंबरात तिथली कॉलेजं पण बंद. माझ्या मुलीच्या डोळ्यासमोर ही पोरगी रडली. ते मला विसरता येत नाही. मग लिंक दिसली की मी पाठवते. लिंक खोटी निघाली म्हणून ती पोरगी खोटी नाही.

मुतगेकर बाई बी-३०१: नाहीच वहिनी. आणि त्या मोठ्या बहिणीनं जे केलं, दर आठवड्याला एक धडा, ते ५०० रुपयांपेक्षा मोठं आहे.

किल्लेकर बी-१०२: पण बाई, तिकडं आपलं ५०० काय पोचणार? समुद्रात खसखस.

मुतगेकर बाई बी-३०१: किल्लेकर, थोडं लांबतंय, पण वाचा. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आपल्याच कर्नाटकात, गंगामूळला. १८८६ ला त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. तिथं गावोगाव भाषणं केली, आपल्या विधवांची परिस्थिती सांगणारं पुस्तक विकलं. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला लोकांनी मंडळ काढलं आणि कबूल केलं की रमाबाई विधवांसाठी काढतील त्या शाळेला दहा वर्षं पैसे देऊ. कोणाला? ज्या बायकांना त्यांनी बघितलं नव्हतं, बघणारही नव्हत्या. त्या पैशावर १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, मग पुण्याला गेलं. बोस्टनच्या बायकांनी "आपलं माणूस आधी" म्हटलं असतं तर?

आणि बघा, एकदा देऊन मोकळं व्हायचं, असं नव्हतं. दहा वर्षं. आपण आठ मार्चला साडी नेसतो, ५०० देतो, फोटो काढतो, नऊ मार्चला विसरतो. मी स्वतःला पण धरून सांगते.

हिरेमठ सर ए-४०२: बाई, हे मला माहीत नव्हतं. 🙏

चौगुले काका ए-१०१: दहा वर्षं हिशोब पण ठेवला असेल त्यांनी.

मुतगेकर बाई बी-३०१: नक्की ठेवला असेल काका. तुमचा आग्रह चुकीचा नाही. फक्त सकाळपासून चार वेळा नको.

डॉ. हिरेमठ ए-४०२: हलगेकर काकू, लांबच्या मदतीचं एक उदाहरण देते. बाळंतपणात बाळ दिवसचे दिवस अडकून राहिलं आणि सिझेरियन मिळालं नाही तर मूत्राशय आणि योनीमध्ये भोक पडतं. लघवी सारखी गळत राहते. बाळ बहुतेक वेळा गेलेलंच असतं, वर अंगाला वास येतो म्हणून घरचे बाजूला काढतात. फिस्टुला म्हणतात. ऑपरेशननं बहुतेकींना बरं करता येतं. इथिओपियात अदिस अबाबाला डॉ. कॅथरीन हॅमलिन आणि त्यांच्या नवऱ्यानं १९७४ ला खास याच आजाराचं हॉस्पिटल काढलं. लोकांच्या देणग्यांवर चालतं, उपचाराचे पैसे घेत नाहीत. काँगोत बुकावूला डॉ. डेनिस मुक्वेगेंनी काढलेल्या हॉस्पिटलात युद्धात अत्याचार झालेल्या बायकांवर उपचार होतात, मुक्वेगेंना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. अशा ठिकाणी काम दिसतं, डॉक्टर दिसतात, पत्ता दिसतो. द्यायचंच असेल तर असं शोधून, त्यांच्याच वेबसाईटवरून. फॉरवर्डवरून नाही.

हलगेकर वहिनी ए-३०३: असं नीट कोणी सांगितलंच नव्हतं मला. थँक्यू गं.

किल्लेकर बी-१०२: पैसे नकोत तर कपडे देऊ. माझ्याकडे तीन पोती आहेत, बायको रोज ओरडते.

देसाई काकू बी-२०३: किल्लेकर भाऊजी, २०१९ च्या पुरात मी त्या शाळेत कपडे निवडायला बसले होते, विसरलात काय? घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा, सगळीकडं पाणी. ट्रक भरभरून कपडे आले. उसवलेले ब्लाऊज, एका पायाचा बूट, लग्नातला चमकीचा घागरा. दिवसभर निवडून माझी कंबर गेली. आणि रामदुर्गकडची एक म्हातारी माझ्या कानाशी आली, म्हणाली, "अक्का, साडी नको. परकर आहे काय? आणि नातीला पाळी आलीय, तिला काहीतरी दे." परकर एक नव्हता त्या ढिगात. पॅड नव्हते. मी माझा अंगावरचा परकर काढून दिला. संकटात बायकांना वाटायला युनोची संस्था जी पिशवी देते त्यात साबण, पॅड, आतले कपडे, टॉर्च असतात हे मला नंतर कळलं. अंधारात बाहेर जायला टॉर्च. कोणीतरी बाईलाच विचारलेलं असणार.

मुतगेकर बाई बी-३०१: विचारलं पाहिजे, हेच. मी नोकरीत असताना एका विद्यार्थिनीची आई मार खाऊन आली होती. मी लगेच पोलिसांत जाऊया म्हटलं. ती म्हणाली, "बाई, ते नंतर. आधी माझं पासबुक, आधार आणि पोरीचा जन्माचा दाखला कुठंतरी ठेवा. तो जाळतो म्हणतोय." लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून सात महिने ठेवले. सात महिन्यांनी ती स्वतः आली, बरणी घेतली, पोरीला घेऊन माहेरी गेली. माझा सल्ला तिला नको होता, बरणी पाहिजे होती.

शानभाग सीए ए-२०१: बाई 🙏 पैशाच्या बाजूनं एक सांगतो. गटाचं कर्ज काढून देणं म्हणजे मदत असं समजू नका. वसुलीवाले दारात येऊन बसतात, बायका गाव सोडून जातात. राज्य सरकारला २०२५ च्या फेब्रुवारीत यावर अध्यादेश काढावा लागला. कर्ज फेडायला दुसरं कर्ज, असं चाललंय. त्यापेक्षा एखादीचं शिलाई मशीन दुरुस्त करून द्या, शेवया-पापड तिच्याकडूनच घ्या, घासाघीस न करता.

हिरेमठ सर ए-४०२: आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर आपण सगळे जातो. मुलींना देवदासी म्हणून सोडण्यावर बंदीचा कायदा कर्नाटकात १९८२ लाच झाला. पण कायद्याच्या आधी सोडलेल्या बायका म्हाताऱ्या होऊन आपल्याच जिल्ह्यात आहेत. चिक्कोडीकडच्या सीतव्वा जोडट्टी स्वतः देवदासी होत्या, लहानपणी सोडलेल्या. त्यांनी तशाच बायकांची संस्था उभी केली, २०१८ ला पद्मश्री मिळाली. बायका स्वतः चालवतात अशा संस्थेला दिलेलं वाया जात नाही असं मला वाटतं.

सेक्रेटरी: मोटर बंद. ॲक्टिव्हा अजून तिथेच आहे.

हलगेकर वहिनी ए-३०३: निघाले की हो! वाचत होते.

देसाई काकू बी-२०३: आता माझं ऐका. गुरुवारी चार वाजता माझ्याकडं बसू. माझा विचार असा. ९,५०० चे दोन भाग. एक जिल्ह्यातल्या बायकांच्या संस्थेला, शानभाग भाऊजी कागद बघतील. दुसरा आपल्या इमारतीत कामाला येणाऱ्या बायकांसाठी, वेळेला दवाखाना, रिक्षा, फी, काहीही. कोणाला दिलं ते नाव ग्रुपवर येणार नाही, रक्कम येईल. लांबच्या हॉस्पिटलसाठी हलगेकर वहिनी आणि डॉक्टर मिळून बघतील, ज्याला द्यायचं तो आपापलं देईल. आणि घरटी ५०० नको, १०० घेऊ, पण दर महिन्याला.

हलगेकर वहिनी ए-३०३: मी येते. कांदेपोहे मी आणते.

किल्लेकर बी-१०२: बायकोला पाठवतो. परकर विकत आणून देते म्हणते, पोती नाही.

मुतगेकर बाई बी-३०१: नवेच आणायला सांगा. नाडीसकट.

चौगुले काका ए-१०१: माझे मागचे ५०० संध्याकाळी देतो. पावती पाहिजे.

देसाई काकू बी-२०३: देते काका. एप्रिलचे १०० पण आणा.

चौगुले काका ए-१०१: दर महिन्याला? हे कधी ठरलं?