विषय: शाळेचा फोन बाबांनी कट केला

प्रेषक: मेधा
बुधवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलच्या धाग्यात हे घुसडत नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

आज दुपारी पावणेदोनला घरचा फोन वाजला. सासरे (साताऱ्याहून आलेत, सहा महिने इथे मिशिगनमध्येच आहेत) यांनी उचलला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला, त्यांना वाटलं नेहमीचा गाडीच्या वॉरंटीवाला. "नॉट इंटरेस्टेड" म्हणून ठेवून दिला. तो शाळेचा फोन होता.

मी मीटिंगमध्ये होते. सव्वादोनला ईमेल पाहिली : परिसरात पोलिसांची हालचाल आहे, खबरदारी म्हणून शाळा 'सिक्युअर' केली आहे, सर्व विद्यार्थी सुरक्षित आहेत, पालकांनी शाळेकडे येऊ नये. बास. त्यानंतर थेट संध्याकाळी सात वाजता दुसरी ईमेल. मधल्या पावणेपाच तासांत व्हॉट्सॲपवर एकाचे तीन बंदूकवाले झाले होते.

प्रत्यक्षात काहीच झालं नव्हतं, कुणीतरी धमकी दिली होती. पण रात्री जेवताना लेक (सहावीत आहे) म्हणाली, "आई, आम्ही लाइट बंद करून कोपऱ्यात बसलो होतो. मिसनी दारापुढे कपाट ओढलं." मग ते 'सिक्युअर' कसं? मला तर ईमेल वाचून वाटलं होतं की वर्ग चालू आहेत.

प्रिन्सिपलना लिहायचं आहे. भांडायचं नाहीये. नेमकं काय विचारू?

मेधा

---

प्रेषक: अनघा
बुधवार, रात्री ११.०५

मेधा,

तू ओळखलंस ते बरोबर आहे. 'सिक्युअर' म्हणजे धोका बाहेर आहे : बाहेरची दारं बंद, आत गणिताचा तास चालू. 'लॉकडाउन' म्हणजे वर्गाला कुलूप, दिवे बंद, मुलं नजरेआड. हे शब्द कोलोरॅडोच्या 'आय लव्ह यू गाइज' या संस्थेने रुळवले. २००६ मध्ये तिथल्या बेली गावच्या शाळेत एक मुलगी मारली गेली. तिने आईवडिलांना पाठवलेला शेवटचा टेक्स्ट हेच या संस्थेचं नाव आहे. शब्द ठरवून दिले ते याचसाठी, की मुलगी घरी एक सांगते आणि ईमेल दुसरंच सांगते असं होऊ नये.

मी बावीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ असिस्टंट प्रिन्सिपल म्हणून. आतली गोष्ट सांगते. पहिली ईमेल बहुतेक वेळा प्रिन्सिपल लिहीतच नाहीत. ती डिस्ट्रिक्ट ऑफिसात (भागातल्या सगळ्या शाळा चालवणारं कार्यालय) तयार पडलेली असते, फक्त शाळेचं नाव बदलतात. आणि त्या साच्यात 'सर्व सुरक्षित' हे वाक्य आधीच बसलेलं असतं. ते वाक्य माझ्या डोळ्यांत खुपतं.

कारण टेक्सासमधलं उवाल्डी. २४ मे २०२२. सकाळी ११.४३ ला शाळेच्या डिस्ट्रिक्टने फेसबुकवर टाकलं की परिसरात गोळ्यांचे आवाज आल्याने रॉब एलिमेंटरी लॉकडाउनमध्ये आहे, आणि विद्यार्थी व कर्मचारी इमारतीत सुरक्षित आहेत. त्या क्षणी मारेकरी इमारतीच्या आत होता. पोलीस कॉरिडॉरमध्ये होते आणि पुढे तासाहून जास्त वेळ तिथेच राहिले. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. लिहिणाऱ्याने मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. माहीत नसलेली गोष्ट त्याने धीर देण्यासाठी लिहिली, एवढंच. पण ज्या आईने ते वाचलं, ती पुढे त्या डिस्ट्रिक्टचं कुठलं वाक्य खरं मानेल?

त्याच दिवशी काही पालकांना सांगितलं गेलं की वाचलेल्या मुलांची अजून एक बस येतेय. बस नव्हतीच. आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा तिथल्या पालकांनाही शेजारच्या प्राथमिक शाळेत बसवून असंच 'अजून एक बस'वर थांबवलं होतं.

कनेक्टिकटमधल्या सँडी हुक शाळेत (डिसेंबर २०१२, २० मुलं आणि ६ मोठी माणसं) तर सांगायला मुख्याध्यापिकाच उरल्या नव्हत्या, त्या पहिल्या काही जणांत गेल्या. पालक जवळच्या फायर स्टेशनात थांबले होते. ओळख पटवण्याचे सोपस्कार होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, अशी पद्धत. शेवटी गव्हर्नर मलॉय यांनीच सांगून टाकलं की ज्यांचं मूल अजून भेटलं नाही त्यांचं मूल परत येणार नाही. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. मला विचारशील तर त्यांनी योग्य केलं.

तेव्हा प्रिन्सिपलना विचार : 'सुरक्षित' लिहिण्याआधी हजेरी झाली होती का? वर्गावर्गातून डोकी मोजून आली होती का? आणि पुढचा निरोप किती वाजता येणार, हे का लिहिलं नाही? मी आमच्या प्रिन्सिपलना नेहमी म्हणायचे, "तीन वाजता कळवतो म्हणा, आणि नवीन काही नसलं तरी तीनला 'नवीन काही नाही' असं कळवा." त्या एका ओळीने फोन निम्म्याने कमी होतात.

प्रिन्सिपलचीही बाजू आहे. तपास पोलिसांचा, मुलांची माहिती कायद्याने झाकलेली, गेलेल्यांची नावं जाहीर करणं शाळेचं काम नव्हे. तेवढं सोडून बोलायला पुष्कळ उरतं.

एक बारीक गोष्ट, जी कुणाला सुचत नाही. मूल गेलं की त्याच दिवशी ऑफिसातल्या कुणीतरी हजेरीच्या सिस्टिममधून त्याचं नाव काढायचं असतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या घरी यंत्राचा फोन जातो : तुमचा पाल्य आज गैरहजर आहे. आमच्याकडे एक मुलगा घरातल्या हिंसेत गेला, तेव्हा ते नाव मी स्वतः काढलं होतं.

अनघा

---

प्रेषक: सुहास
गुरुवार, सकाळी ७.२०

अनघाताई, सगळं मान्य, पण मी दुसऱ्या टोकाला आहे. मला आता शाळांच्या ईमेलचा भरवसाच उरला नाही.

मिशिगनमधलं ऑक्सफर्ड गाव आपल्याच ओकलंड काउंटीत आहे, नोव्हायहून पाऊण तास. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या हायस्कूलमध्ये गोळीबारात ४ मुलं मारली गेली. त्याआधी त्याच महिन्यात तिथे कुणीतरी शाळेच्या आवारात हरणाचं मुंडकं टाकल्याचं प्रकरण झालं, अफवा उठल्या आणि शाळेने पालकांना कळवलं की शाळेला धोका नाही. त्या प्रकरणाचा गोळीबाराशी संबंध नव्हता असं नंतर सांगितलं गेलं, असेलही. पण आपल्या सगळ्यांना आठवत असेल, त्या आठवड्यात नकली धमक्यांनी आसपासच्या किती शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा प्रत्येक ईमेल उघडताना हात थरथरायचा.

आणि १३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा माझा मुलगा तिथल्या होस्टेलवर होता. साडेआठच्या सुमारास विद्यापीठाचा मेसेज आला : पळा, लपा, लढा. पालकांसाठी त्यात काही नव्हतं, आणि ते योग्यच होतं. मी मात्र मूर्खासारखे लागोपाठ चार फोन केले. त्याने नंतर सांगितलं, "बाबा, मी पलंगाखाली होतो आणि फोन उजळत होता." तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत सुटलोय : मुलाला फोन करू नका. टेक्स्ट करा, तोही एकच, आणि वाट बघा. मारेकरी सापडायला मध्यरात्र होत आली होती. त्या रात्री तिथे ऑक्सफर्डमधून वाचून आलेली मुलंही होती, यावर मी काही बोलत नाही.

सुहास

---

प्रेषक: मेधा (लिहिणारे सासरे)
गुरुवार, दुपारी १२.१५

सप्रेम नमस्कार.

सूनबाईंच्या ईमेलवरून मी लिहितो आहे. फोन कट करणारा गुन्हेगार मीच. मराठी टायपिंग नातीने करून दिले.

मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षे शिक्षक, त्यातली अकरा हेडमास्तर. इकडचे शब्द मला कळत नाहीत. आमच्याकडे एकदा भावकीच्या भांडणात नववीतला मुलगा कोयत्याने गेला. शाळेबाहेर झाले, म्हणून संस्थेचे म्हणणे होते की आपण काही बोलू नये. मी शिपायाला न पाठवता स्वतः त्याच्या घरी गेलो. काय बोललो ते आठवत नाही. त्याच्या वडिलांनी विचारले, "गुरुजी, हजेरीत त्याचा नंबर किती होता?" मी म्हणालो, सतरा. एवढेच.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मुलांना खरे सांगितले. भांडणात गेला म्हणून सांगितले, कुणाच्या ते सांगितले नाही. दोन्ही घरांतली मुले त्याच रांगेत उभी होती.

शाळा गप्प बसली की काय होते ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला आपण पाहिले. पालक रेल्वेच्या रुळांवर उतरले.

अनघाताईंनी नाव काढण्याचे लिहिले ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. आम्ही सतरा नंबर वर्षभर रिकामा ठेवला होता.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. नातीला आणायला मला पाठवले तर शाळावाले तिला माझ्याकडे देतील का?

---

प्रेषक: अनघा
गुरुवार, दुपारी १.३०

गुरुजी, नमस्कार.

नाही देणार. हाच मुद्दा मी मंडळाच्या ईमेलमध्ये घालायला किती वर्षं सांगतेय. अशा वेळी मुलं शाळेतून नाही, दुसऱ्या ठिकाणाहून देतात, आणि ज्याचं नाव इमर्जन्सी काँटॅक्टच्या यादीत आहे आणि ज्याच्याकडे फोटो ओळखपत्र आहे त्याच्याच हातात. आजी-आजोबांचं नाव यादीत नसतं आणि पासपोर्ट कपाटात कुलपात असतो. मेधा, आज पोर्टलवर त्यांचं नाव घाल. स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच, 'आजोबा' नको. पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही.

आणि सुहास, तुझा राग समजतो. कोलंबाइनचे प्रिन्सिपल फ्रँक डिअँजेलिस २०१४ पर्यंत त्याच शाळेत राहिले. गोळीबाराच्या वर्षी बालवर्गात असलेली मुलं पास होऊन बाहेर पडेपर्यंत थांबायचं त्यांनी ठरवलं होतं. पुढे २०१९ मध्ये गोळीबार पाहिलेल्या प्रिन्सिपलनी मिळून एक जाळं उभं केलं. कुठे काही झालं की तिथल्या प्रिन्सिपलला त्यांच्यातलं कुणीतरी फोन करतं. त्यांनी २०२२ मध्ये काढलेली पुस्तिका मी तुला पाठवते. ती लिहिणाऱ्यांनी स्वतः भोगलंय, डिस्ट्रिक्टच्या साच्यातली भाषा त्यात नाही.

अनघा

---

प्रेषक: मेधा
शुक्रवार, संध्याकाळी ६.५०

प्रिन्सिपल भेटल्या. आधी दोन मिनिटं साच्यातलंच बोलल्या. मी 'हजेरी झाली होती का' विचारल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "नाही. ईमेल डिस्ट्रिक्टकडून गेली, तेव्हा मी इमारतीत दारं तपासत होते. मला ती पालकांबरोबरच मिळाली." लॉकडाउन होतं हेही मान्य केलं. सोमवारी तसं पत्र येणार आहे, त्यांच्या सहीने. आलं की इथे टाकते.

बाबांचं नाव यादीत घातलं. पासपोर्ट आता दाराजवळच्या किल्ल्यांच्या हुकाला पिशवीत लटकतोय. आणि शाळेचा नंबर त्यांच्या फोनमध्ये त्यांनी स्वतः सेव्ह केलाय, नाव : 'शाळा – उचलणे'.

मेधा