लाल चेरी श्रिम्पची पिल्लं तपकिरी निघतायत, काय चुकतंय?

शेवाळवेडा: नमस्कार मंडळी, सहा महिन्यांपूर्वी दहा लाल चेरी श्रिम्प (गोड्या पाण्यातली चिमुकली कोळंबी) आणले आणि मग टँक रंगीत दिसावा म्हणून त्यातच चार पिवळे, तीन निळे सोडले. सगळे मजेत आहेत, दिवसभर टँकमधल्या मॉसमध्ये (शेवाळीसारखी पाणवनस्पती) चरतात, माद्या पोटाखाली अंडी घेऊन फिरतात. पण आता मोठी होणारी पिल्लं बरीचशी पारदर्शक नाहीतर तपकिरी आहेत, एक तर हिरवट ठिपक्यांचं आहे. पाणी तपासलं, अमोनिया, नायट्राइट ही विषारी द्रव्यं दोन्ही शून्य. खाद्य बदलू का? इतक्या आवडीने लाल आणले होते, खूप वाईट वाटतंय.

मॉसवाली: खाद्याचा दोष नाही, रंग मिसळलेत. लाल, पिवळे, निळे सगळे एकाच जातीचे, निओकॅरिडिना डेव्हिडी, आणि या जातीचा मूळ रंगच तपकिरी-पारदर्शक. प्रत्येक रंग पिढ्यानपिढ्या निवड करून पक्का केलेला असतो. असं समजा की लालमध्ये मूळ रंगाचा एक जीन बिघडलाय आणि निळ्यात दुसराच, क्रॉस झाला की पिल्लाला दोन्हींची एकेक चांगली प्रत मिळते आणि जंगली रंग परत येतो. पिल्लं तब्येतीने एकदम ठणठणीत असतात हां, त्यांना काही झालेलं नाही.

काचेपलीकडे: बरोबर, पण दादा, आधी वय बघा. पिल्लं दोनेक मिलिमीटरची बाहेर येतात तेव्हा फिकीच असतात, रंग भरायला दोन-तीन महिने लागतात. नर तर मादीपेक्षा फिकाच राहतो, मी सुरुवातीला सगळे नर खराब समजून वेगळे काढले आणि मग पुढे अंडीच येईनात! तळाला काळी वाळू घाला, पांढऱ्यावर ते फिके पडतात. ॲस्टाझँथिन (लाल रंगद्रव्य) असलेलं खाद्य असलेला लाल जरा गडद करतं, तपकिरीला लाल करत नाही.

शेवाळवेडा: ताई, मग आता लाल वेगळे काढले तर पुढची पिल्लं लाल येतील का? दोन लाल माद्यांच्या पोटाखाली आत्ताच अंडी आहेत.

मॉसवाली: येतील, पण आणलेल्या मूळ दहांमधूनच घ्या. इथे जन्मलेलं पिल्लू लाल दिसलं तरी आत दुसरा रंग लपलेला असू शकतो, तो एक-दोन पिढ्यांनी वर येतो. आत्ताच्या अंड्यांचा बाप निळा असेल तर ती खेप मिश्रच निघणार, तीन-चार आठवड्यांत पिल्लं सुटतील, ती सगळी जुन्या टँकमध्ये टाका. त्यानंतर मादी कात टाकून पुन्हा नराशी जुळते, तेव्हा शेजारी फक्त लाल नर असले की झालं. आणि ते तपकिरी टाकून देऊ नका प्लीज, शेवाळ ते तेवढंच खातात, माझ्याकडे त्यांचा वेगळा टँक आहे आणि त्यांच्या पाठीवरची नक्षी एकेकाची निराळी असते, बघत बसावंसं वाटतं.

शेवाळवेडा: आज रात्रीच दुसरा टँक भरतो, सायकल पूर्ण झाली की (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढले की) लाल हलवतो. तो हिरवट ठिपक्यांचा मात्र मला आता आवडायला लागलाय.