१५ वॅटवर अडकलेला लॅपटॉप: पीएल१ वाढवू का? जाणकारांनी सल्ला द्यावा

उन्हाळी_नागपूर

नमस्कार मंडळी. लॅपटॉप २०१८ मध्ये घेतलेला, इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज ११. एक पंखा, एक हीटपाइप, पातळ बॉडी. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजून मार्क देणारं सॉफ्टवेअर) मध्ये दहा मिनिटांच्या टेस्टला मल्टिकोअरचे २,७१० मार्क येतात. पुण्यातल्या मित्राकडे हेच मॉडेल आहे, त्याने ३,३०० चा स्क्रीनशॉट पाठवून वर हसणारे तीन चेहरे टाकलेत. तेव्हापासून झोप नाही.

थ्रॉटलस्टॉप (प्रोसेसरच्या मर्यादा दाखवणारं आणि बदलणारं सॉफ्टवेअर) उतरवून पाहिलं. पीएल१ (सतत चालणारी पॉवरची मर्यादा) १५ वॅट, पीएल२ (थोड्या वेळापुरती मोठी मर्यादा) ४४ वॅट, वेळ २८ सेकंद. टेस्ट सुरू झाली की पहिले काही सेकंद ३.४ गिगाहर्ट्झ दिसतात, मग धाडकन २.३ वर. लिमिट्सच्या खिडकीत पीएल१ लाल. म्हणजे दोष या १५ च्या आकड्याचाच, बरोबर? तो सरळ ३५ केला तर काय बिघडेल? चिप जळते का? आणि मुळात मित्राचा तोच लॅपटॉप पुढे काहून?

खटपट्या

आधी मित्राला विचार, टेस्ट किती वेळ चालवली. तो स्क्रीनशॉट ताज्या बूटनंतरच्या एकाच फेरीचा असणार, पैज लावतो.

ते २८ सेकंद म्हणजे घड्याळ लावून मोजलेले २८ सेकंद नव्हेत. प्रोसेसर मागच्या काही वेळातल्या वॅटची सरासरी धरत असतो. ती सरासरी पीएल१ च्या खाली आहे तोवर पीएल२ पर्यंत उधळायची मुभा, सरासरी १५ ला टेकली की लगाम. लॅपटॉप निवांत बसलेला असेल तर सरासरी तळाला असते, म्हणून पहिली फेरी झकास जाते आणि लगेच दुसरी घेतली की मार्क पडतात. एका फेरीचे मार्क म्हणजे लग्नातला फोटो. संसार दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये दिसतो.

दुसरं, ४४ ची मुभा आहे म्हणून ही चिप ४४ खात नाही. चारही कोअर ३.४ ला पळवले तरी तिला तेवढे लागत नाहीत. त्यामुळे पीएल२ ला हात लावून तुझ्या हाती काही लागणार नाही. खेळ सगळा पीएल१ चा. इंटेलनेच या चिपला १० ते २५ वॅटची मोकळीक दिलेली आहे, १५ हा मधला आकडा. म्हणून २५ पर्यंत जाणं हा काही गुन्हा नाही. ३५ मात्र विसर.

पण आकडा बदलायच्या आधी हे सांग: दहाव्या मिनिटाला तापमान किती, आणि खोलीचं किती?

उन्हाळी_नागपूर

एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चिप ८६ अंश दिसतं, १५ वॅटवर स्थिर. खोलीत ३८. मे महिना आहे भाऊ, कूलर चालू असूनही ३८.

मित्राने कबूल केलं. एकच फेरी, ती पण एसीत बसून! आता दहा मिनिटं चालवायला लावलं तर २,९०० आले. हसणारे चेहरे त्यालाच परत पाठवले.

सोल्डरकाका

पोरा, १५ वॅटला ८६ म्हणजे तुझा लॅपटॉप आजारी आहे. तू त्याला व्यायाम वाढवून देऊ का म्हणून विचारतोयस.

हिशेब कर. खोली ३८, चिप ८६, फरक ४८ अंशांचा. भागिले १५ वॅट, म्हणजे दर वॅटला ३.२ अंश. आता तू २५ वॅट दिलेस तर २५ गुणिले ३.२, झाले ८०, त्यात खोलीचे ३८ मिळव. ११८. ही चिप १०० ला स्वतःच क्लॉक पाडते. म्हणजे आकडा २५ कर नाहीतर ३५, लगाम पॉवरच्या हातातून तापमानाच्या हातात जाईल एवढंच. हा त्रैराशिकाचा हिशेब अगदी काटेकोर नाही, पंख्याचा वेगही बदलत असतो, पण निर्णय घ्यायला पुरतो. मी गिऱ्हाइकाला कागदावर हेच करून दाखवतो.

मशीन कधी उघडलं होतंस?

उन्हाळी_नागपूर

कधीच नाही काका. बाहेरून ब्लोअर मारतो दिवाळीला.

सोल्डरकाका

बाहेरून मारलेल्या हवेने उपयोग कमीच. धूळ पंख्यावर दिसते, पण खरी बसते पंखा आणि जाळीच्या मधल्या फटीत. पंखा सुटा केलास की दिसेल, नमद्यासारखा जाड करडा थर असतो, चिमटीत धरून अख्खा उचलता येतो. सात वर्षांच्या मशीनमधून मी असे थर काढलेत की त्याचा टेबलमॅट झाला असता.

कसं करायचं ते नीट ऐक. चार्जर काढ, मागचं झाकण उघड, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडव. हे विसरून बोर्ड उडवलेले लोक माझ्याकडे महिन्याला एक तरी येतात. हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) स्क्रूंवर १, २, ३, ४ लिहिलेलं असतं, सोडवताना उलट क्रमाने, बसवताना सुलट, आणि एकदम आवळायचे नाहीत, थोडे थोडे सगळे. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धर, नाहीतर भिंगरीसारखं फिरून बेअरिंग जातं.

चिप आणि हीटसिंकच्या मधल्या पेस्टचं म्हणशील तर लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं टोपण नसतं, उघडा सिलिकॉनचा तुकडा असतो. तिथे मधोमध टिपका ठेवून देव भरोसे सोडू नकोस, कोपरे कोरडे राहतात. अख्ख्या तुकड्यावर पातळ थर ओढ. पुण्यात तापकीर गल्लीत पेस्ट मिळते, नागपूरचं तू बघ, पण स्वस्तातली पांढरी ट्यूब घेऊ नकोस. परवडलं तर हनीवेलचं पीटीएम७९५० पॅड लाव. ते गरम झाल्यावर मऊ होऊन बसतं आणि पेस्टसारखं कडेला सरकत नाही.

आणि तो डेझर्ट कूलर लॅपटॉपच्या तोंडावर लावायची अक्कल कोणी दिली तर ऐकू नकोस. ती ओली हवा असते. खोली गार करू दे त्याला.

लिनक्सवाली

काकांची सफाई होईस्तोवर माझी गंमत ऐका. माझ्याकडेही हीच चिप, पण विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स. तिथे वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, कर्नेलच्या पॉवरकॅप फोल्डरमध्ये पीएल१ आणि पीएल२ च्या फायली असतात, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन आकडा लिहायचा. आकडा मायक्रोवॅटमध्ये. २५ वॅट म्हणजे २,५०,००,०००. अडीच कोटी. मी रात्री दीड वाजता एक शून्य खाल्लं आणि मशीनला अडीच वॅट दिले. क्लॉक ४०० मेगाहर्ट्झ. कर्सर लंगडत लंगडत टर्मिनलपर्यंत न्यायला मिनिट लागलं, आणि मला वाटलं एसएसडी गेली. अर्धा तास बॅकअप शोधत होते! रीबूट केल्यावर सगळं जिथल्या तिथे, कारण हे आकडे रीबूटला पुसले जातात.

थर्माल्ड (लिनक्समधलं तापमान सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर ते आपला आकडा मागून बदलू शकतं, तेवढं बघा.

खटपट्या

ताई, अडीच कोटी हे आता कायमचं लक्षात राहील.

विंडोजवाल्यांनाही मागून आकडा बदलण्याचा हाच अनुभव येतो. पॉवर लिमिट एकाच जागी लिहिलेली नसते. एक एमएसआर रजिस्टरमध्ये, एक एमएमआयओमध्ये (दोन्ही मर्यादा लिहून ठेवायच्या वेगवेगळ्या जागा), आणि जी लहान ती चालते. तू थ्रॉटलस्टॉपमध्ये २५ लिहिलंस आणि कंपनीच्या ड्रायव्हरने दुसरीकडे १५ ठेवले तर तू १५ वरच. त्यासाठी थ्रॉटलस्टॉपच्या टीपीएल खिडकीत एमएमआयओ लॉकची खूण असते, ती कर. काही मशीनमध्ये याच्याही वर एम्बेडेड कंट्रोलर (बोर्डावरची वेगळी छोटी चिप) बसलेला असतो, त्याच्यापुढे कोणाचंच चालत नाही.

आता मुद्द्याचं. पीएल१ वाढवण्याआधी अंडरव्होल्ट कर, म्हणजे चिपचं व्होल्टेज थोडं उतरव. पॉवर ही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. समजा ०.९० व्होल्टचे ०.८२ केलेस, तर तेवढ्याच क्लॉकला साधारण १७ टक्के पॉवर वाचते. तुझी मर्यादा १५ वॅटची असल्याने वाचलेली पॉवर चिप लगेच क्लॉक वाढवायला वापरते. उष्णता तेवढीच आणि मार्क जास्त.

थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर (व्होल्टेजच्या) खिडकीत सीपीयू कोअर आणि सीपीयू कॅश, दोन्हीला सारखाच ऑफसेट दे. उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरू कर, दहा-दहाने खाली जा. सुरुवातीला व्होल्टेज सेव्ह न करण्याचा पर्याय ठेव आणि विंडोजबरोबर आपोआप सुरू होऊ देऊ नकोस. निळी स्क्रीन आली तर रीबूट, सगळं पूर्ववत. व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही, मशीन फक्त लटकतं. तरी चालू फायली सेव्ह करून बस.

शंकासूर

माझ्याकडे व्होल्टेजचा स्लायडर करडा दिसतो, हलतच नाही. त्याच काळातला लॅपटॉप आहे. आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांनी काय करायचं तेही कोणीतरी सांगा, बायकोचा रायझन आहे.

खटपट्या

तुझं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालेलं असणार. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाली. व्होल्टेज खालीवर करून चिपच्या सुरक्षित कप्प्यातल्या हिशेबात चूक घडवून आणता येते, असं संशोधकांनी दाखवलं. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉप कंपन्यांनी बायोसमधून तो दरवाजाच बंद केला. मीही सर्व्हिस सेंटरमध्ये कीबोर्ड बदलायला दिला होता, त्यांनी न विचारता बायोस अपडेट करून दिलं. कीबोर्ड नवा आला, माझं उणे ९० मिलिव्होल्टचं सेटिंग गेलं. जुनं बायोस परत टाकता येतं का ते मॉडेलवर अवलंबून, आणि ती त्रुटी परत उघडी पडते हे समजून मगच टाक. ऑफिसचं मशीन असेल तर नादी लागू नकोस. एकदा विंडोजमधली मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षेची सोय चालू आहे का तेही बघ, कधीकधी अडथळा तिचाच असतो.

रायझनला रायझनॲडज नावाचं सॉफ्टवेअर. तिथे मिलिवॅट, २५ वॅट म्हणजे २५०००. स्टॅपम, फास्ट आणि स्लो अशा तीन मर्यादा असतात, तिन्ही बघाव्या लागतात. बायकोला विचारून कर.

उन्हाळी_नागपूर

मंडळी, रविवार कारणी लागला.

काका, थर निघाला. खरंच चिमटीत धरून उचलला, दोन बोटं रुंद, आणि त्यात आमच्या मांजरीचे केस. पेस्ट इतकी वाळली होती की नखाने पापुद्रे निघाले. आई शेजारी उभं राहून विचारत होती, स्क्रू उरला तर काय करशील. उरला नाही.

सफाईनंतर १५ वॅटला तापमान ६९, खोली ३७. पण मार्क २,७८० च. जरा तोंड उतरलं. एवढी मेहनत ७० मार्कांसाठी?

मग अंडरव्होल्ट. उणे ९० ला सिनेबेंच दहा मिनिटं व्यवस्थित चाललं, मी खूष. रात्री नुसतं पान उघडून वाचत बसलो होतो तर निळी स्क्रीन. काहीच लोड नसताना! शेवटी उणे ७५ वर थांबलो. १५ वॅटलाच ३,१४०.

सोल्डरकाका

७० मार्कांवर नाराज होऊ नकोस. १५ चा लगाम होता तसाच होता, मग मार्क कुठून वाढणार? थंड चिपमधून गळती थोडी कमी होते, ते तुझे ७०. सफाईने तुला जागा मिळाली. आता हिशेब परत कर: ३२ भागिले १५, दर वॅटला साधारण २.१. २२ वॅटला ८४ च्या आसपास येशील, २५ ला नव्वद. आता वाढव पीएल१. चार्जर किती वॅटचा आहे?

खटपट्या

बिनलोडची निळी स्क्रीन हे नेहमीचंच दुखणं. लोड नसताना चिप क्लॉक उतरवते, सोबत व्होल्टेजही, आणि त्यातून तू आणखी ९० मिलिव्होल्ट कापलेस. म्हणून टेस्ट पास झाली म्हणजे सेटिंग पास झालं असं नाही. दोन दिवस रोजचं काम करून बघायचं, झाकण मिटून परत उघडायचं, मगच सेव्ह.

उन्हाळी_नागपूर

चार्जर ४५ वॅटचा, मूळचा. आकडे देतो, सगळे दहा मिनिटांच्या टेस्टचे. २२ वॅटला ३,६९० आणि ८५ अंश. २५ वॅटला ३,८५० आणि ९१, पण पंखा असा ओरडतो की शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं मिक्सर कोणी लावलाय. २५ वर बॅटरी चार्ज होत होत टेस्ट घेतली तर चार्जरला हात लावता येईना, म्हणून तो नाद सोडला. २२ ठेवलंय. बॅटरीवर असताना वेगळं प्रोफाइल, १२ वॅट.

२,७१० चे ३,६९०. मित्राला स्क्रीनशॉट गेलाय, खाली तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान लिहून.

सोल्डरकाका

२२ छान. या जाडीच्या मशीनमध्ये चिपशेजारी व्होल्टेज देणारे भाग असतात, त्यांच्यावर बरेचदा हीटसिंक पोचतच नाही. त्यांचं तापमान तुला सॉफ्टवेअरमध्ये दिसणारही नाही. शेवटच्या दीडशे मार्कांसाठी त्यांना भाजू नकोस.

उन्हाळी_नागपूर

ऐकतो काका. एक शेवटचं. मित्राने आता त्याचा लॅपटॉप घेऊन येत्या शनिवारी नागपूरला यायचं ठरवलंय, म्हणे माझ्याकडूनच करून घेणार. त्याचा स्लायडर करडा आहे. त्याला काय सांगू?

खटपट्या

सफाई, पेस्ट, आणि पीएल१ तुझ्यासारखाच २२. अंडरव्होल्ट नाही म्हणून तेवढ्याच वॅटला मार्क तुझ्याहून कमी. आणि टेस्ट एसीत घ्यायची नाही म्हणावं, तुमच्या खोलीतच घ्यायची.