आकाशवाणी इंदूरने फिल्म फेस्टिव्हलला रोज अर्धा तास द्यावा का?

राजवाड्याजवळचा
मंडळी, मागे डिसेंबरात खजुराहोच्या इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हलला जाऊन आलो. तिथे टपरा टॉकीज असतात, म्हणजे मंडप टाकून उभं केलेलं तात्पुरतं थिएटर, तिकीट-बिकीट काही नाही, आणि आजूबाजूची माणसं लेकरं घेऊन येऊन बसतात. परत आलो तर इंदुरात आमच्या गल्लीत कोणाला पत्ताच नाही की आपल्याच प्रदेशात असं काही होतं. म्हणून माझं म्हणणं असं की फेस्टिव्हलचे जेवढे दिवस तेवढे दिवस मालवा हाऊसवरून, म्हणजे आपल्या आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावरून, रोज अर्धा तास कार्यक्रम व्हावा, आणि तसं पत्र आपण सगळ्यांनी सह्या करून केंद्राला द्यावं. एक माणूस, एक रेकॉर्डर, दिग्दर्शकाशी गप्पा, सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्या लोकांचं बोलणं, बस. अरे आपण माळव्यातले लोक नंदाजी-भेराजी ऐकत मोठे झालो, दोन माणसं मालवीत गप्पा मारता मारता शेतीतलं काय काय समजावून सांगायची. खत-बियाणं गप्पांतून सांगता येतं तर सिनेमा का नाही?

तंबोरा
माझा स्पष्ट विरोध. अर्धा तास आकाशातून पडत नाही भाऊ, तो कोणाच्या तरी ताटातून काढावा लागतो, आणि दरवेळी काढला जातो तो गाण्याच्याच. सिनेमाला टीव्ही आहे, मोबाईल आहे, पेपरची रंगीत पानं आहेत. पण एखाद्या तरुण गायकाला किंवा गावातल्या भजनी मंडळाला आकाशवाणीशिवाय कोण विचारतं? बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते तेव्हा 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला म्हणून खेड्यातल्या माणसाला घरबसल्या मोठे गवई ऐकायला मिळाले. सरकारी रेडिओचं काम ते. आणि जो सिनेमा इथे बघायलाच मिळणार नाही त्याचं वर्णन ऐकवायचं म्हणजे उपाशी माणसाला श्रीखंड कसं होतं ते सांगायचं.

राजवाड्याजवळचा
केसकरांचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो, त्यांच्याच काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हटली आणि मग काय झालं? सगळा देश रेडिओ सिलोन लावून अमीन सयानींची गीतमाला ऐकायला लागला. शेवटी 1957 ला विविध भारती काढावीच लागली ना. लोकांना जे हवं ते तुम्ही दिलं नाही तर लोक खटका फिरवतात.

तंबोरा
ते गाण्यांचं झालं. गाणं रेडिओवर पूर्ण पोचतं, त्यातलं काही मागे राहत नाही. सिनेमा अर्धा सुद्धा पोचत नाही, हा फरक आहे आणि तुम्ही तो बाजूला सारताय.

सुदामानगर
मी मध्ये बोलते. आमचे काका तिशीनंतर पूर्ण आंधळे झाले. विविध भारतीवर बाइस्कोप की बातें लागायचं, त्यात लोकेंद्र शर्मा सिनेमाची गोष्ट सांगायचे, मध्ये मध्ये संवाद आणि गाणी, काका त्या वेळी घरात कोणाला भांडं सुद्धा वाजवू द्यायचे नाहीत. कितीतरी सिनेमे त्यांनी फक्त कानांनी पाहिलेत आणि ते आजही पाहिले असंच म्हणतात. तेव्हा अर्धा पोचत नाही हे मला पटत नाही, कोणाला पोचतो ते पण बघा.

तंबोरा
ताई, काकांचं ऐकून गप्प झालो थोडा वेळ. पण ते सगळे हिंदी सिनेमे, संवाद लोकांना आधीच पाठ. फेस्टिव्हलमध्ये इराणी येणार, कोरियन येणार, त्यातला आवाज ऐकवून माळव्यातल्या माणसाला काय कळणार? आणि तो आवाज वाजवायची परवानगी कोणाकडून आणायची, त्याचे पैसे कोण देणार?

खेडीघाट
आवाज वाजवूच नका, माणसांना बोलू द्या, परवानगीची कटकटच नाही. माझं म्हणणं जरा वेगळं आहे, रेडिओने नुसतं सांगून थांबू नये. 1952 चा देशातला पहिला इंटरनॅशनल फेस्टिव्हल मुंबईत झाला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला फिरला. म्हणजे सिनेमा लोकांकडे जायचा. तसे चार-पाच सिनेमे नंतर इथे रवींद्र नाट्यगृहात दाखवा आणि आधी रेडिओवर त्यांची चर्चा लावा, म्हणजे तंबोराभाऊंचं श्रीखंड खायला पण मिळेल.

तंबोरा
हे जमलं तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन. पण सकाळच्या गाण्याला हात लावायचा नाही, रात्री साडेनऊनंतर काय ते करा. आणि प्रेसनोटसारखी हिंदी नको, मालवीत किंवा मराठीत बोला. एवढं होईपर्यंत माझा विरोध कायम, पत्रावर सही करणार नाही.

राजवाड्याजवळचा
रात्रीची वेळ मला चालेल. रविवारी पत्राचा मसुदा करतो, कोणाला काही घालायचं असेल तर सांगा.

सुदामानगर
काकांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणाले, सिनेमा सांगणाऱ्याने आधी माणूस कुठे उभा आहे, हातात काय आहे, दार उघडं आहे का बंद ते सांगावं, अभिनय छान झाला वगैरे मागाहून. हे पत्रात नक्की लिहा.