शफलमध्ये अडतो तो डावा हात

ड्रमवरच्या शफलचा, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून वाजणाऱ्या झुलत्या ठेक्याचा, विषय निघाला की लेड झेपलिनचा जॉन बोनम आणि टोटो बँडचा जेफ पोर्कारो या ड्रमरची नावं येतातच, पण त्यांच्या शेजारी अमेरिकन ड्रमर बर्नार्ड पर्डी हवाच. टोटोच्या ‘रोझॅना’ गाण्याच्या (१९८२) ठेक्यात पोर्कारोने पर्डीचा हाफ-टाइम शफल आणि बोनमचा लेड झेपलिनच्या ‘फूल इन द रेन’ गाण्यातला ठेका एकत्र केला.

हा ठेका जमत नसेल, तर असा बसवा. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करा. उजव्या हाताने हाय-हॅट (झांजांची जोडी) पहिल्या आणि तिसऱ्या भागावर, डाव्या हाताने स्नेअरच्या (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलके आघात, मधल्यावर. जोरदार स्नेअर चार मात्रांपैकी फक्त तिसऱ्या मात्रेवर, म्हणून हाफ-टाइम. गोची इथेच आहे: जोराच्या आघातानंतर लगेच घोस्ट नोट येते, आणि काठी उसळून वर गेलेली असली की तीही मोठी वाजते. आघात झाल्याबरोबर काठी कातड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर रोखायची; मात्र मूठ आवळून नाही, नाहीतर मनगट आखडतं आणि पुढचं सगळं मागे पडतं.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवून आधी नुसते हात बसवा, बेस ड्रम नंतर. वेगाची घाई सगळेच करतात. घोस्ट नोट ऐकू येण्यापेक्षा जाणवल्या पाहिजेत; पर्डी ऐकताना लक्ष तिकडेच द्या.