भाड्याचं घर शोधताना शाळा कशी पारखावी?

प्रश्न: कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचं घर भाडं, अनामत आणि कामाचं अंतर पाहून ठरतं. शाळेचा विचार सामान हलवल्यावर होतो. आधी करायचा म्हटला तरी हाताशी असते फक्त निकालाची टक्केवारी. तेवढ्यावर वस्ती निवडावी का?

उत्तर १: नको. सरासरी निकाल बराचसा तिथे कोणत्या घरांतली मुलं येतात यावर ठरतो, शिकवण्याबद्दल तो कमीच सांगतो. त्याच मुलांची वर्षभरातली प्रगती कळली तर ती धरा. नाहीतर निदान 3 वर्षांचे निकाल बघा. वर्गात 20च मुलं असतील तर एका मुलामुळे निकाल 5 टक्क्यांनी हलतो. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि वर्षात किती जण सोडून गेले, हे शाळेत जाऊन विचारा.

उत्तर २: शाळा जवळ आहे म्हणजे प्रवेश मिळेलच असं नाही. पत्त्यावरून शाळा ठरत असेल, तर हद्द रस्त्याच्या मधोमध असू शकते आणि समोरासमोरच्या घरांना दोन वेगळ्या शाळा लागतात. घरक्रमांकासह पत्ता शाळेला सांगा. त्या इयत्तेत जागा आहे का, रहिवासाचा पुरावा कोणता चालेल, हे अनामत देण्याआधीच विचारून घ्या. पोटभाडेकरू इथेच अडकतात, कारण करार त्यांच्या नावावर नसतो.

उत्तर ३: वेळेचंही बघा. घर खाली करायला सांगितल्यावर वस्त्या पडताळायला उसंत मिळत नाही. यादी आधीच करून ठेवा आणि भाड्याच्या रकान्याशेजारीच शाळेचा रकाना ठेवा.

अमेरिकेत 1994 मध्ये 5 शहरांत सुरू झालेल्या ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ प्रयोगात कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. मुलांच्या शाळांचा दर्जा फारसा बदलला नाही, तरी वयाच्या 13 वर्षांच्या आत तिकडे गेलेल्यांची विशीतली कमाई सुमारे 31 टक्के जास्त निघाली. म्हणजे वस्तीचा परिणाम शाळेच्या आकड्यात मावत नाही. पुढे सिअ‍ॅटलच्या प्रयोगात घर शोधायला सोबत, घरमालकांशी बोलणी आणि अनामतीसारख्या खर्चाला हातभार दिला. अशा चांगल्या वस्त्यांत जाणारी कुटुंबं 15 वरून 53 टक्क्यांवर गेली. ‘गरिबांना गरीब वस्तीतच राहायचं असतं’ हे म्हणणं म्हणूनच मला मुळीच पटत नाही.

प्रश्नकर्ता: शाळा चांगली पण भाडं आवाक्याच्या थोडं बाहेर, तर?

उत्तर २: भाड्यात प्रवासखर्च मिळवून हिशेब करा. पूर्ण शैक्षणिक वर्ष निभणार नसेल तर ते घर सोडा. भाडं थकून वर्षाच्या मध्येच घर बदललं, तर बहुधा शाळाही बदलते आणि मूल अभ्यासात मागे पडतं.