गाडीचा एसी घरी दुरुस्त केलाय का? अनुभव सांगा

पारोळेकर: काल शेजारचा पोरगा गाडीच्या पुढच्या जाळीवर नळीने पाणी मारत होता, तापलेल्या लोखंडावर पाणी पडल्याचा तो वास आला आणि मला २०१६ चा मे आठवला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला शिरपूरला गेलो होतो, भाची सहा महिन्यांची, येताना धुळ्याच्या अलीकडे एसी गरम हवा फेकायला लागला. पोरीचं तोंड लालबुंद, बहीण ओल्या पंचाने पुसत होती आणि मी नुसता गाडी हाकतोय. गॅरेजवाला म्हणे गॅस संपला, भरला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शेवटी वडील म्हणाले, आधी उघडून तर बघू. गाडी आमची कापसाच्या जिनिंगच्या गल्लीत उभी राहायची. बंपरची जाळी काढली तर कंडेन्सरवर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या भागावर, सरकी, धूळ आणि कापसाचा थर, जुन्या गोधडीतून निघतो तसा सलग निघाला! वडिलांनी दाढीच्या ब्रशने हळूहळू झाडलं, तांब्याने पाणी ओतलं. पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात म्हणून प्रेशरचा फवारा मारू दिला नाही. त्या उन्हाळ्यात पुन्हा गॅरेजला जावं लागलं नाही. वडील आता नाहीत, ब्रश ठेवलाय मी.

केळीवाला_रावेर: दादा वाचून भरून आलं. माझं वेगळंच, हवाच कमी यायची, ग्लोव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळतो तो) ओढला तर उंदराने आत घरटं केलेलं, केळीचं वाळलेलं पान, चिंध्या, सगळं. नवीन फिल्टर घातला, दहा मिनिटांचं काम. गाडी शेतात उभी करणाऱ्यांनी हे बघाच.

तापीकाठ: भाची आता केवढी झाली हो?

पारोळेकर: शाळेत जाते, मागच्या सीटवरून ओरडते, मामा अजून वाढव.

वायरमन_भुसावळ: सगळ्यांना कळकळीने सांगतो, गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. घरी काय बघायचं तर फ्यूज, रिले (विजेचा आपोआप चालणारा स्विच), आणि एसी चालू केल्यावर गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारी चकती) टक करून लागतो का. गॅस फारच कमी असेल तर प्रेशर स्विच क्लच लागूच देत नाही. कंडेन्सरचा पंखा फिरतो का तेही बघा, गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम असेल तर बहुतेक पंखाच. पण पाइप मात्र खोलू नका. आर-१३४ए, म्हणजे एसीतला गॅस, उघड्यावर उणे २६ अंशाला उकळतो, माझं बोट पांढरं पडून फोड आला होता, डोळ्यात गेला असता तर? शिवाय आधी पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम करून, बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच वजन करून भरावा लागतो. जास्त झाला तरी गारवा कमीच होतो. आणि स्वयंपाकाचा गॅस भरतात ते ऐकून तर अंगावर काटा येतो, तो पेट घेतो!!

सौ_चोपडा: डाव्या बाजूला पायाशी पाणी साचायचं, मला वाटलं पोराने बाटली सांडली. यांना म्हटलं एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल, गाडीखाली सरकून नळीचं तोंड मोकळं केलं, भळकन तांब्याभर पाणी. त्याच दिवशी गच्चीवर कुरडया होत्या आणि वावटळ आली, निम्म्या धुळीत गेल्या, अजून जीव हळहळतो.

अहिराणी_बोल: भाऊ मनी गाडीनं बी आसंच व्हयनं व्हतं. फ्यूज उडेल व्हता, दुसरा टाका, गार.

केळीवाला_रावेर: ताई कुरडया गव्हाच्या का? आमच्याकडे यंदा गहू तीन दिवस भिजवला तरी चीक चिकट होत नव्हता.

सौ_चोपडा: गव्हाच्याच. पाणी रोज बदललं का?

केळीवाला_रावेर: नाही हो, ते राहिलं. आईला सांगतो.